मोगलाईच्या काठावरून वाणिज्यमंत्र्यांना पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,


मी नेवासे तालुक्यातला, गोदावरीकाठचा कांदा उत्पादक. आमचा जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण बोलताना तोंडात अजून नगरच येतं. तेवढी सवलत द्यावी. आमच्या बांधापासून देशाची कुठलीही सीमा शेकडो किलोमीटर लांब आहे. तरी हे पत्र सीमेच्या सुरक्षेबद्दल आहे आणि ते मुद्दाम गृहमंत्र्यांना किंवा संरक्षणमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितोय. आमच्या घरचा कांदा बांगलादेशात जातो आणि आमच्या घरचाच एक पोरगा, माझा पुतण्या, सीमा सुरक्षा दलात पश्चिम बंगालच्या सीमेवर उभा आहे. आपल्या खात्यातून एक अधिसूचना निघाली की त्या दोघांवरही तिचा परिणाम होतो. कांद्यावर काय होतो ते आपल्याला पुष्कळांनी सांगितलं असेल. पोरावर काय होतो ते सांगणारं कुणी भेटलं नसेल, असं मला वाटतं.

सुरुवात कांद्यापासूनच करतो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. आमच्याकडे नाशिकसारखा ट्रॅक्टरमधल्या मोकळ्या कांद्याचा लिलाव होत नाही, गोण्यांचा होतो. मी आदल्या संध्याकाळीच गोण्या नेऊन आडतीवर वक्कल, म्हणजे लिलावासाठीची थप्पी, लावलं होतं. लाल कांदा होता. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांत फरक काय, हे दिल्लीत फारसं कुणाला ठाऊक नसावं असं निर्णयांवरून वाटतं, म्हणून सांगतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो. लाल कांद्यात पाणी जास्त. काढला की पंधरा-वीस दिवसांत विकावाच लागतो. त्याला 'थांब' म्हणता येत नाही. तर सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आधी व्यापारी एका बाजूला घोळका करून मोबाईल बघत उभे होते. रात्रीत निर्यातबंदी आली होती. वक्कलातली एक गोणी फोडून कांदा खाली ओतला, एकानं पायानंच दोन कांदे उलटे केले आणि आदल्या दिवशी ज्याला क्विंटलमागं बत्तीसशे म्हणत होता त्याच मालाला अठराशे म्हणाला. मी त्याच्यावर चिडलो नाही. त्याचे स्वतःचे दोन ट्रक त्या वेळी बंगालच्या वाटेवर होते.

नगरपासून पेट्रापोलची सीमा दोन हजार किलोमीटरच्या आसपास. ट्रकला चार-पाच दिवस लागतात, पुढं बनगावच्या पार्किंगमध्ये नंबर लागेपर्यंत किती ते सांगता येत नाही. त्या अधिसूचनेत सवलत होती. ज्याचा माल आधीच जहाजावर चढत होता किंवा कस्टमच्या ताब्यात गेला होता त्याला. रस्त्यातल्या ट्रकला नव्हती. रात्री निघालेल्या आदेशाला रस्ता दिसत नाही. नागपूर ओलांडून गेलेला ट्रक परत आणावा तर भाडं दुप्पट, आणि पुढं न्यावा तर फाटक बंद. त्या व्यापाऱ्याचा एक ड्रायव्हर नंतर सांगत होता, आठव्या दिवशी गोण्यांच्या तळातून काळं पाणी गळायला लागलं आणि पार्किंगवाला वासामुळं गाडी हलवा म्हणून मागं लागला.

ही पहिली वेळ नव्हती. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी आली, १४ सप्टेंबर २०२० ला आली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागलं, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, डिसेंबरात पूर्ण बंदी. ती ३१ मार्चला संपणार असं छापलेलं होतं, ते पुढं ढकललं. ४ मे २०२४ ला उठली, पण ५५० डॉलर आणि ४० टक्के मागं ठेवून. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला शून्यावर. या तारखा मला पाठ आहेत याचं आपल्याला नवल वाटेल. आमच्याकडे त्या मुलांच्या वाढदिवसांसारख्या पाठ आहेत.

२०१९ च्या बंदीनंतर आठवडाभरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. उद्योजकांच्या सभेत त्यांनी हसत हसत सांगितलं की, स्वयंपाक्याला सांगून ठेवलंय, आता जेवणात कांदा बंद. सभेत हशा पिकला. पण त्यापुढं त्या जे म्हणाल्या ते हसण्यासारखं नव्हतं: बंदी घालायची होती तर थोडं आधी कळवायचं, आम्ही दुसरीकडून सोय केली असती. महोदय, आमची मागणी तरी दुसरी काय आहे? त्या वर्षी नोव्हेंबरात ढाक्याला कांदा किलोला अडीचशे टक्यांच्या घरात गेला आणि तो विमानानं आणायची वेळ आली.

आता मोगलाईकडे येतो. हा विषय आपल्याला आडवाटेचा वाटेल, पण माझं म्हणणं तिथूनच निघालेलं आहे.

आमच्या बाजूला टोका आणि प्रवरासंगम, नदीपलीकडे कायगाव. आज नगर–संभाजीनगर रस्त्यावरच्या पुलावरून गाडी दोन मिनिटांत पलीकडे जाते. खाली नाथसागराचं पाणी पसरलेलं असतं. पण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ही नदी म्हणजे सरहद्द होती. इकडे मुंबई इलाखा, तिकडे निजामाचं राज्य. माझे आजोबा मरेपर्यंत पलीकडच्या मुलखाला मोगलाईच म्हणायचे. "मोगलाईतून बैल आणला", "मोगलाईत लेक दिली". खाली जामखेडकडं तर सरहद्द नावाची सरळ रेघच नव्हती. निजामाच्या मुलखात नगरची गावं बेटांसारखी विखुरलेली. पलीकडं जायचं तर वाटेत करोडगिरी नाका. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. इकडचा कलदार रुपया आणि तिकडचा हाली सिक्का, दोन्ही आजोबांच्या कनवटीला असायचे. त्यांचा भाव वेगळा आणि मोडीचा हिशेब तोंडपाठ.

आजोबा सांगायचे, नाक्यावरचा कारकून खादाड होता, पण माणूस ओळखीचा होता. कुणाची गाडी, कुणाचा माल, कुठल्या वाण्याकडे चालला, सगळं त्याला माहीत. चार आणे जास्त घेईल, पण रात्री-अपरात्री अनोळखी कुणी नदी उतरला तर सकाळी पहिली बोंब त्याच्याकडूनच यायची.

मग १९४७ साल आलं. नोव्हेंबरअखेर भारत सरकार आणि निजाम यांचा 'जैसे थे' करार झाला आणि तो मोडायला दोन्ही बाजूंनी सुरुवात झाली व्यापारापासूनच. निजामानं वटहुकूम काढून भारतीय चलन व्यवहारातून बाद केलं, मौल्यवान धातू बाहेर न्यायला बंदी केली. इकडून भारतानं नाकेबंदी आवळत नेली. ती बरोबर की चूक, हा माझा विषय नाही. रझाकारांच्या राज्यात जे चाललं होतं त्यापुढं नाकेबंदी ही फार सौम्य गोष्ट होती आणि शेवटी पोलीस कारवाईशिवाय तो प्रश्न सुटला नसता, असंच मी मानतो. पण नदीकाठावर काय झालं ते ऐका. आजोबांच्या सांगण्याप्रमाणं पहिल्या दोन महिन्यांत पापभीरू वाण्यांनी पलीकडचा धंदा सोडला. घासलेट, मीठ, कापड यांची पलीकडची गरज काही सुटली नाही. मग ते न्यायला जे उरले ते बंदुकीला न भिणारे. उताराच्या वाटा त्यांच्या, रात्र त्यांची. काठावरच्या गावांना कोण मित्र, कोण खबऱ्या आणि कोण नुसताच घासलेटवाला, हे ओळखेना. सीमेवरच्या कॅम्पांतल्या स्वातंत्र्यसैनिकांनी पुढं करोडगिरी नाके फोडले, जाळले. ते त्यांचं कामच होतं. पण जी माणसं रात्री घासलेट नेत होती त्यांतली काही १९४८ नंतरही दुसरा धंदा शिकली नाहीत. सरहद्द गेली तरी आमच्या काठाला दरोड्यांची धास्ती किती तरी वर्षं राहिली. हे आजोबांचं निरीक्षण आहे. ते काही इतिहासकार नव्हते.

(थोडं विषयांतर. नगरहून बीडला रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. मार्ग मंजूर होऊन तीस वर्षं उलटली होती. मोगलाईची जुनी सरहद्द पुसायला कारवाईला पाच दिवस लागले आणि रुळांना सत्त्याहत्तर वर्षं. जोडणी किती सावकाश होते आणि तोडणी किती झटपट, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.)

पुतण्या सुट्टीवर आला की अंगणात बसून त्याच्या ड्युटीबद्दल सांगतो. जेवढं सांगता येतं तेवढंच. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची, त्यातली सव्वादोन हजार एकट्या पश्चिम बंगालची. कुठं कुंपण, कुठं नदी, कुठं केळीची बाग, कुठं एखाद्याच्या घराची मागची पडवी. त्याला विचारलं, तुमच्याकडं धरतात काय काय? म्हणाला, गुरं, सोनं, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, ते नेहमीचं. मग हसून म्हणाला, "काका, मधल्या काळात कांदासुद्धा. आपल्याकडचा असेल म्हणून मी गोणीवरचा शिक्का बघायला गेलो." मला हसू आलं नाही. फाटकातून पावती फाडून, क्ष-किरणाखालून जाऊ शकणारी गोणी रात्री केळीच्या बागेतून जात असेल आणि ती अडवायला माझ्या घरचा पोरगा चिखलात उभा असेल, तर हा खर्च कुणाच्या खात्यावर लिहायचा? आपल्या खात्याच्या टिपणीत तो दिसत नाही. तिथं फक्त दिल्लीच्या बाजारातला किरकोळ भाव दिसतो.

कांदा तर नाशवंत. चोरून नेणाऱ्यालाही त्यात फार राम नाही. साखरेचं बघा. आमचा जिल्हा साखरेचा. १९५० साली प्रवरानगरला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला. २०२१-२२ मध्ये देशातून शंभर लाख टनांहून जास्त साखर बाहेर गेली. जून २०२२ पासून निर्यातीवर नियंत्रण आलं, २०२३-२४ च्या हंगामात ती जवळपास थांबलीच. इकडे साखर स्वस्त, बांगलादेशात महाग. त्यानंतर मेघालयाच्या सीमेवर काय झालं ते सीमा सुरक्षा दलाच्या जप्तीच्या बातम्यांत वाचायला मिळतं: पोत्यांमागून पोती साखर, डोंगरउतारावरून सिल्हेटकडं. तिकडची वर्तमानपत्रंही भारतीय साखरेच्या चोरट्या व्यापारानं भरली होती. साखरेसाठी जी वाट पडते ती साखरेपुरती राहत नाही. ज्या पोराला आज पोत्यामागं शंभर रुपये मिळतात त्याला उद्या कुणी लहानसं पुडकं देऊन हजार देतो. सीमेपलीकडं कोण ओळखीचं, कुठला पहारा कधी बदलतो, हे शिक्षण त्याला साखरेनं दिलेलं असतं.

मी काही सगळी फाटकं सताड उघडा म्हणणारा माणूस नाही. नगर हे लष्कराचं गाव आहे. चिलखती दलाचं केंद्र इथं, यांत्रिक पायदळाचं केंद्र इथं, के. के. रेंजवर सराव सुरू झाला की राहुरीकडच्या घरांची तावदानं वाजतात. पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचं फाटक बंद केलंत, त्याला आमच्याकडं कुणी हरकत घेतली नाही. घ्यावी असं मलाही वाटत नाही. आणि व्यापाराच्या आडून नको ते येतं हेही खरं आहे. काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर सलामाबाद आणि चकन-दा-बागमार्गे ऑक्टोबर २००८ मध्ये व्यापार सुरू झाला होता. शस्त्रं, अमली पदार्थ, बनावट नोटा येतात म्हणून तो एप्रिल २०१९ मध्ये थांबवला. पण तो व्यापार होता कसा? २१ वस्तूंची यादी, पैशाचा व्यवहार नाही, मालाच्या बदल्यात माल, बँक मध्ये नाही. ज्या व्यापाराला हिशेबवहीच नाही त्यात काहीही लपणारच. त्या अनुभवातून फाटकावर बँक हवी, यंत्र हवं, नोंद हवी, एवढं मी शिकलो. दिल्लीनं काय शिकावं हा दिल्लीचा प्रश्न.

आणखी एक गोष्ट, जी भावाच्या तक्त्यात बसत नाही. आपण दर वेळी बंदी घातली की शेजारी दुसरा दुकानदार शोधतो, आणि तो कोण असावा हे आपल्या हातात राहत नाही. बांगलादेशनं म्यानमार, तुर्कस्तान, इजिप्त, चीन, पाकिस्तान सगळीकडून कांदा आणला. आपल्याकडच्याच एन-५३ सारख्या वाणाचं बी नेऊन स्वतःचा खरीप कांदा वाढवला. त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही, मीही तेच केलं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथली राजवट उलटली. नोव्हेंबरमध्ये कराचीहून थेट चितगावला मालवाहू जहाज लागलं, १९७१ नंतर पहिल्यांदा. त्यातल्या मालात कांदाही होता. एका कांद्यानं परराष्ट्र धोरण फिरत नाही, हे मलाही कळतं. पण ते जहाज यायला जी रिकामी जागा लागत होती ती करून देण्यात आपला हातभार आहे, आणि आता ढाक्याहून आयात परवाने कधी सुटतात, कधी थांबतात, याची वाट बघत बसायची पाळी आमच्यावर आलेली आहे. २०२५ मध्ये तर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या मालाला जमिनीवरची फाटकं लावायचा सपाटाच सुरू झाला. त्यांनी आपलं सूत अडवलं. आपण त्यांचे तयार कपडे न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातूनच यावेत असं ठरवलं. पेट्रापोलला हमाली करणाऱ्या हजारो माणसांनी आता काय करायचं? त्यांच्या घरामागून कुंपण जातं.

डिसेंबर २०२२ मध्ये बांगलादेशचे वाणिज्यमंत्री दिल्लीत आपल्याच खात्याच्या बैठकीला आले होते. त्यांनी तांदूळ, गहू, साखर, कांदा, लसूण, आलं यांचा वर्षाचा ठरावीक कोटा मागितला होता. ठरवून दिलं असतं तर डिसेंबर २०२३ मध्ये बंदी घातल्यावरही तेवढा माल फाटकातून, पावतीनं गेला असता. त्याऐवजी मार्च २०२४ मध्ये सहकारी निर्यात संस्थेमार्फत ५० हजार टन सोडायची परवानगी निघाली, म्हणजे लाल कांद्याचा हंगाम जवळपास सरल्यावर. ती मागणी कपाटातून पुन्हा बाहेर काढावी. माणसं बदलली असतील, राजवट बदलली असेल, भूक बदललेली नाही.

आणि रस्त्यातल्या मालाला सवलत द्या. फास्टॅग आहे; कुठला ट्रक कुठल्या दिवशी कुठल्या टोलनाक्यावर होता हे सरकारला बसल्या जागी कळतं. अधिसूचनेच्या दिवशी जो निघालेला आहे त्याला पोचू द्यायला काय अडचण आहे? मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, लासलगावचा कांदा रेल्वेनं थेट बांगलादेशात दर्शनापर्यंत गेला होता. संकटात जे जमलं ते एरवी का जमू नये? रेल्वेच्या वाघिणीत सील लावून गेलेल्या मालावर नजर ठेवणं पुतण्याच्या खात्यालाही सोपं जाईल.

शहरातल्या माणसाला कांदा ऐंशी रुपयांनी घ्यावा लागला तर त्याचं रडणं खोटं नसतं. माझी मुलगी पुण्यात राहते, तीच मला फोन करून ऐकवते. तिला स्वस्त कांदा द्यायचा तर सरकारनं बाजारात उतरून खरेदी करावी, साठा करावा, योग्य वेळी सोडावा. त्यासाठी राखीव साठ्याची योजना आहेच. तिच्या भाजीची किंमत माझ्या वक्कलानं आणि पुतण्याच्या रात्रपाळीनं भरून काढणं हा रास्त हिशेब नाही.

उन्हाळ कांद्याची लागवड आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत होते, मार्चअखेर काढणी सुरू होते आणि एप्रिल-मेमध्ये चाळी भरतात. किती एकर लावायचा हे आम्ही नोव्हेंबरात, रोप टाकतानाच ठरवतो. त्या वर्षी निर्यातीचं काय धोरण आहे, शुल्क किती, शेजाऱ्याला किती द्यायचा, हे दर वर्षी दिवाळीपूर्वी जाहीर करावं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्याला हात लावू नये, एवढीच आपल्याला विनंती.

आपला,
नेवासे तालुक्यातला एक कांदा उत्पादक